खर्च चुकीच्या खात्यावर

डोंबिवली (पूर्व)

चि. मुक्तास,


तुझा मेसेज रात्री पावणेदोनला आलाय. म्हणजे ओवी अजून रात्रीची उठते, आणि तिला निजवून झाल्यावर स्वतः झोपायचं सोडून तू एक्सेलमध्ये आकडे मांडत बसतेस. आधी त्यावरूनच बोलणार होते, पण तो तक्ता उघडला आणि दुसऱ्याच गोष्टीने डोकं फिरलं. फोन केला असता तर माझा आवाज चढला असता आणि तू ‘बघते गं आत्या’ म्हणून ठेवून दिला असतास. ही सवय अण्णांची, तुझ्यात कशी उतरली देव जाणे. म्हणून पत्र. ते मधेच ठेवता येत नाही.

तर तुझा तक्ता. वर पगार. त्यातून वजा पाळणाघर, वजा कॅब, वजा वरकामाच्या ताईंचे वाढीव पैसे, वजा पोळी-भाजीचा डबा. खाली उरलेली रक्कम लाल रंगात, आणि शेजारी तुझा शेरा: ‘एवढ्यासाठी सहा महिन्यांचं पोर सोडून जायचं?’ राजीनामा म्हणे लिहून तयार आहे, नुसतं बटण दाबायचं बाकी.

अगं, मी उभा जन्म लेजरं लिहिण्यात घालवला. वजाबाकी तुझी बिनचूक आहे, पण खर्च चुकीच्या खात्यावर टाकलायस. पाळणाघराची फी तुझ्या एकटीच्या पगारातून का वजा केलीस? ओवी निनादची कोणी लागत नाही का? घराचा हप्ता दोघांच्या पगारातून जातो, गाडीचा जातो, सोसायटीचा मेंटेनन्स जातो, आणि पोरीला सांभाळण्याचा खर्च तेवढा आईच्या नावे? दोघांचे पगार एकत्र लिही, त्यातून फी वजा कर आणि मग सांग मला, लाल रंग कुठे राहतो ते.

शिवाय जमेच्या बाजूला निम्म्या गोष्टी नाहीतच. प्रॉव्हिडंट फंडात कंपनी घालते ते कुठे आहे? ग्रॅच्युइटीची पाच वर्षं पुरी व्हायला तुला काही महिनेच उरलेत, आणि बाळंतरजेचे 26 आठवडे त्या सलग नोकरीत धरले जातात, हे तुला कोणी सांगितलं नाही? निनादच्या कंपनीचा मेडिक्लेम आहे म्हणतेस. उद्या त्याने नोकरी बदलली, मधे दोन महिने गेले, तर? आणि मुख्य म्हणजे पाळणाघर काही जन्मभर लागत नाही. तीन-चार वर्षांचा खर्च बघून पुढची तीस वर्षं मोडीत काढणारा हिशेबनीस आमच्या ऑफिसात दुसऱ्या दिवशी घरी बसला असता.

तू झालीस तेव्हा वहिनीनेही असाच हिशेब केला होता, पाठकोऱ्या कागदावर. पुढचं तुला ठाऊक आहे, मला लिहायला लावू नकोस. दर जूनमध्ये शाळा उघडल्या की तिचं काय व्हायचं ते तू लहान होतीस म्हणून तुझ्या लक्षात आलं नसेल. मी बघितलंय. दादाने कधी एका शब्दाने विचारलं नाही, हेही बघितलंय.

आता तू म्हणशील, आत्या, तुझी गोष्ट वेगळी, तुझा जमाना वेगळा. वेगळा होताच. मंदार झाला 1984 ला. तेव्हा कायद्याने बाळंतरजा 12 आठवड्यांची. कामावर रुजू झाले तेव्हा पोराने नुकती मान धरली होती. फोर्टातल्या त्या ऑफिसात अकरा वाजले की पान्हा यायचा. व्हाउचरं तपासता तपासता ब्लाउज भिजायचा. मी पदर अंगभर लपेटून घ्यायचे, मग बाथरूममध्ये जाऊन बेसिनमध्ये दूध पिळायचं, नळ सोडून ठेवायचा म्हणजे बाहेर आवाज नको, आणि तोंडावर पाणी मारून परत टेबलाशी. तेव्हा हे कोणाला सांगायची सोय नव्हती. तुला आहे. मग तू कशाला गप्प बसतेस?

मंदारला टिळकनगरातल्या काकूंकडे ठेवायचे. तू बघितल्या आहेत त्या, तुझ्या दंग्याला ज्यांनी एका नजरेत गप्प केलं होतं त्याच. दोन खोल्या, भिंतीला खुंट्या, प्रत्येक खुंटीला एकेकाची पिशवी, आणि डब्यांच्या झाकणांवर नेलपॉलिशने घातलेली नावं. दुपारी वरण-भात कालवून एका ताटातून सगळ्यांना घास. गाडी चुकून मला उशीर झाला तर कपाळाला आठी नाही. उलट मंदारच भोकाड पसरायचा, घरी यायचं नाही म्हणून. ‘पाळणाघरात टाकलंय पोराला’ म्हणणाऱ्या नातेवाइकांची मला आजही चीड आहे. पोराला टाकत नाही कोणी, ठेवतात. चांगल्या माणसाच्या हातात ठेवतात.

सासूबाई येतील म्हणतेस. त्यांच्या गुडघ्यांचं ऑपरेशन होऊन वर्ष नाही झालं. आठ किलोचं रांगतं पोर त्या दिवसभर उचलणार? आज्या हौसेने नातवंडं सांभाळतात, पण हौस आणि ड्यूटी यांत फरक आहे. आजी म्हणजे बिनपगारी पाळणाघर नव्हे. त्यांना महिनाभर आरामात येऊ दे, ओवीचं उष्टावण करू दे, कौतुक करू दे आणि परत जाऊ दे. सांगलीत त्यांचं भजनी मंडळ आहे, मैत्रिणी आहेत, त्या काय तुझ्या नोकरीवर ओवाळून टाकायच्या?

बरं, आता ऑफिसचं. तुमची कंपनी हजारभर माणसांची, आणि पाळणाघर नाही. तू म्हणालीस, ‘पॉलिसीत नाहीये.’ पॉलिसीत नसेल, कायद्यात आहे. 2017 मध्ये बाळंतपणाच्या कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हा रजा 12 वरून 26 आठवडे झाली, ती सगळ्यांना तोंडपाठ आहे. त्याच दुरुस्तीत हेही आहे की जिथे 50 किंवा जास्त माणसं कामाला, तिथे पाळणाघर हवं, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता आलं पाहिजे. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती तरतूद आली आहे. शिवाय मूल 15 महिन्यांचं होईपर्यंत पाजायला दिवसातून दोनदा वेगळी सुट्टी, ती तर 1961 पासून आहे. हे कोणी कंपनीचे उपकार नाहीत.

त्यातली 50 माणसं म्हणजे पुरुष धरून, हे नीट बघ. कारखान्यांच्या जुन्या कायद्यात 30 हून जास्त बायका असल्या तरच पाळणाघर होतं. म्हणजे मालकाला सोपी पळवाट, बायकांचा आकडा 30 वर जाऊच द्यायचा नाही. नव्या कायद्याने पुरुषांनाही मोजलं, कारण मुलं पुरुषांनाही असतात! एवढं शहाणपण यायला आपल्याला किती दशकं लागली बघ. आणि तू घरच्या घरी, एका रात्रीत, एक्सेलमध्ये ते पुसून टाकलंस.

आता मी सुरू झाले की थांबत नाही असं मंदार म्हणतो, पण हे तुला ऐकावंच लागेल. 1928 मध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलात गिरण्या-कारखान्यांतल्या बायकांना बाळंतपणात पगार मिळावा म्हणून विधेयक आलं, तेव्हा बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूने बोलायला उभे राहिले. आईला बाळंतपणाच्या आधी-नंतर विश्रांती मिळण्यात साऱ्या देशाचं हित आहे, म्हणून या खर्चाचा बराचसा भार सरकारने उचलायला हवा, असं त्यांचं म्हणणं. 1929 ला मुंबईचा कायदा झाला, पण भार टाकला मालकावर. 1961 च्या बाळंतपणाच्या कायद्यातही मालकावर. 2017 ला रजा दुपटीहून वाढवली, तीही मालकाच्याच जिवावर. महिना 21,000 पर्यंत पगार असलेल्या ईएसआयवाल्यांना विम्याच्या निधीतून मिळतं. तुझ्यासारखीचे 26 आठवडे मात्र कंपनीच्या खिशातून. मग मुलाखतीत पोरींना ‘लग्न कधी करताय’ विचारतात त्याचं नवल काय? खर्च चुकीच्या खात्यावर टाकायची खोड तुझी एकटीची नाही. सरकार तो मालकाच्या खात्यावर टाकतं, मालक कसा टाळता येईल ते बघतो, नवरा बायकोच्या खात्यावर टाकतो, बायको सासूच्या नाहीतर आईच्या. फिरून फिरून तो कोणत्या तरी बाईच्याच पदरात पडतो.

आणि तुझी ती वरकामाची ताई? तिचं दुसरं पोर दोन महिन्यांचं असताना ती भांडी घासायला परत आली, तूच सांगितलं होतंस. तिला कोणत्या कायद्याचे 26 आठवडे? बीडकडच्या ऊसतोड बायका तान्ही पोरं घेऊन फडात उतरतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, बाई बसली तर खाडा. बांधकामावरच्या बायकांच्या मुलांसाठी मीरा महादेवन यांनी दिल्लीत 1969 ला मोबाइल क्रेश सुरू केलं, जिथे काम तिथे पाळणाघर. पुढे मुंबई-पुण्यातही ते आलं. म्हणजे विटा-सिमेंटच्या ढिगाऱ्यात पाळणाघर चालवता येतं. तुमच्या त्या काचेच्या इमारतीत टेबल टेनिसला जागा मिळते, पाळण्यांना मिळत नाही?

असो. निनादवर मी रागावलेय असं त्याला सांगू नकोस, किंवा सांग. त्याला कंपनीने दिलेली दोन आठवड्यांची रजा त्याने पाचव्या दिवशी गुंडाळली, कारण काय तर प्रोजेक्ट लाइव्ह होत होतं. खासगी कंपन्यांत बापाला रजा द्यायचा कायदा नाही. मिळते ती कंपनीच्या मर्जीने. तीही परत करायची म्हणजे कमाल झाली. केंद्र सरकारच्या नोकरीत बापाला 15 दिवस मिळतात, आईला पुढे मुलांसाठी 730 दिवसांची वेगळी रजा आहे, आपल्या राज्य सरकारनेही 2018 पासून 180 दिवस दिलेत. तुझ्या नशिबी ते नाही. तुझ्या नशिबी निनाद आहे. त्याला कामाला लाव.

तुझ्या मॅनेजरचं ते ‘तुला हलकं काम देतो’ मला आवडलं नाही. माणूस चांगला असेल, पण हलकं काम दिलेल्या बाईला मार्चमध्ये इन्क्रिमेंटही हलकंच मिळतं. पहिले सहा आठवडे वेळेची सवलत माग, कामाची नको. आणि ‘सुट्टी मजेत गेली ना?’ असं कोणी विचारलंच तर हसून सोडून दे, प्रत्येकाशी भांडायला ताकद कुठून आणशील.

दुधाचं सांगायचं राहिलं. रुजू व्हायच्या आधी पंधरा दिवस ओवीला वाटी-चमच्याने नाहीतर बोंडल्याने पाजायची सवय कर, तेही तुझ्या हातून नको, निनादच्या हातून. तुझ्या अंगाचा वास आला की ती चमचा तोंडात घेणार नाही. काढलेलं दूध खोलीत चार तास, फ्रिजमध्ये चार दिवस टिकतं. पण एप्रिलच्या उकाड्यात चार तासांवर विसंबू नकोस, थेट फ्रिज. उकळायचं नाही, मायक्रोवेव्हमध्ये तर नाहीच, वाटी कोमट पाण्यात ठेवायची. पाळणाघर बघायला जाशील तेव्हा न सांगता जा, दुपारी अडीचच्या सुमाराला. सगळी मुलं एकदम, एकाच वेळी गाढ झोपलेली दिसली तर दुसरं पाळणाघर शोध. दोन रडताहेत, एक भिंत चाटतंय आणि बाई घामाघूम झालीय, तर ते खरं.

आता हे सगळं लिहिलं, पण मनात राहून राहून दुसरंच येतंय. बारशाला आले होते तेव्हा तू अंगाने अर्धी झाली होतीस. केस मूठभर गळतात म्हणालीस, ते गळतातच, येतील परत. पण तू हसत नव्हतीस. सगळे पाळण्याशी गोळा झाले होते आणि तू स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होतीस. मी विचारलं तर म्हणालीस, ‘झोप नाही गं, बाकी काही नाही.’ मुक्ता, बाळंतपणानंतर दोन-चार दिवस रडू येतं ते वेगळं. आठवडेच्या आठवडे कशातच मन लागत नसेल, ओवीकडे बघून काही वाटत नसेल, नको ते विचार येत असतील तर तो आजार आहे, त्याला औषध आहे, आणि त्यासाठी डॉक्टरकडे जायचं असतं. निनाद ‘हार्मोन्स आहेत’ म्हणाला तरी जायचं. तू नोकरी सोडायला निघालीस ती ओवीसाठी, की दमून गेलीस म्हणून? दमून असेल तर राजीनामा हा त्यावरचा उपाय नाही. दमलेल्या माणसाने कागदावर सही करू नये, हे आमचे हेड अकाउंटंट सांगायचे, आणि त्या बाबतीत त्यांचं बरोबर होतं.

लोहाच्या गोळ्या चालू आहेत ना? अळिवाचे लाडू कुरियरने पाठवतेय. सगळे ऑफिसात वाटू नकोस.

तेव्हा तीन कामं कर. राजीनामा ड्राफ्टमधून काढून टाक. एच.आर.ला लेखी विचार, तोंडी नाही: पाळणाघराची सोय केव्हा करताय, आणि तोवर त्याचा खर्च किती देताय? मागच्या वर्षात आई झालेल्या तुझ्या मैत्रिणींच्याही त्यावर सह्या घे, बापांच्याही घे. आणि ओवीचं नाव घालशील तेव्हा पाळणाघराच्या फॉर्मवर संपर्कासाठी पहिला नंबर निनादचा लिही, तुझा दुसरा. ताप आला की फोन त्याला जाऊ दे.

तुझी,
आत्या