अणूंचे हात

खेळ आणि अभ्यास यांचे हाडवैर आहे, अशी आपल्याकडे एक समजूत रूढ आहे. मूल मैदानावर दिसले, की वडीलधारी माणसे विचारतात, "अभ्यास झाला का?" आणि मूल पुस्तक उघडून बसले, तरी त्याचे चित्त मैदानावरच घुटमळत असते. सारे आयुष्य शाळेत घालवल्यानंतर मला मात्र असे वाटते, की या दोघांत वैर मुळीच नाही. त्यांची नीट ओळख होत नाही, एवढेच. ती ओळख होताना मी एकदा प्रत्यक्ष पाहिली.

मी मूळचा मराठीचा शिक्षक. जालना जिल्ह्यातील एका खेड्यातल्या शाळेत मी मुख्याध्यापक होतो. संधी, समास आणि अलंकार हे माझे प्रांत. रसायनशास्त्राशी माझा संबंध वेळापत्रकात त्याचा तास बसवण्यापुरता. आमच्याकडे विज्ञान शिकवणाऱ्या एक बाई होत्या. मूलद्रव्य, संयुग, संयुजा, रेणुसूत्र हे शब्द मुले घोकून पाठ करीत आणि परीक्षा संपताच विसरून जात, याचे त्यांना फार वाईट वाटे. उन्हाळा तोंडावर आला होता. उजळणीचे दिवस होते. बाई मला म्हणाल्या, "सर, आजचा रसायनाचा तास मैदानावर घेऊ का?" मी संमती दिली आणि कुतूहलापोटी स्वतःही कडुनिंबाच्या सावलीत जाऊन बसलो.

बाईंनी प्रत्येक मुलाच्या सदऱ्यावर एक चिठ्ठी लावली. कोणी हायड्रोजन झाला, कोणी ऑक्सिजन, कोणी नायट्रोजन, तर कोणी कार्बन. खेळाचा नियम सोपा होता. हायड्रोजनने एकच हात पुढे करायचा; दुसरा पाठीमागे ठेवायचा. ऑक्सिजनला दोन हात, नायट्रोजनला तीन आणि कार्बनला चार. माणसाला चार हात कोठून असणार? म्हणून कार्बनसाठी दोन मुले पाठीला पाठ लावून उभी राहिली. नायट्रोजनसाठीही दोघे उभे राहिले. पण त्यांतल्या एकाने एक हात पाठीमागे घेतला. शिट्टी वाजली, की एकमेकांचे हात धरायचे. ज्याचा हात रिकामा राहील, तो बाद!

शिट्टी वाजली आणि एकच धावपळ उडाली. एका ऑक्सिजनने दोन्ही बाजूंना दोन हायड्रोजन धरले. पाण्याचा रेणू तयार झाला. नायट्रोजनने तीन हायड्रोजन गोळा केले, तो अमोनिया. कार्बनने चार हायड्रोजन मिळवले. तो गोबरगॅसमध्ये असणारा मिथेन. दोन ऑक्सिजनना दुसरे कोणी मिळेना, तेव्हा त्यांनी परस्परांचेच दोन्ही हात धरले. "हाच आपण श्वासावाटे घेतो तो ऑक्सिजन," बाई म्हणाल्या. संयुजा म्हणजे काय, हे त्या दिवशी कोणाला पाठ करावे लागले नाही. रिकामा राहिलेला हात तो अर्थ आपोआप सांगत होता.

मग बाईंनी सहा मुले पुढे बोलावली. चार हायड्रोजन दोन जोड्यांनी उभे होते आणि दोन ऑक्सिजन हातात हात घालून उभे होते. शिट्टी होताच जुने हात सुटले, नवे जुळले, आणि पाण्याचे दोन रेणू झाले. "आधी किती जण होता? आता किती आहात? कोणी हरवले का?" बाईंनी विचारले. सहाचे सहाच होते! रासायनिक बदलात वस्तुमान नाहीसे होत नाही, हा नियम फ्रेंच शास्त्रज्ञ लव्हॉझिए यांनी अठराव्या शतकात तराजूच्या साहाय्याने दाखवून दिला होता. आमच्या मुलांना तो डोकी मोजून कळला. जालना शहराच्या पोलाद कारखान्यांत भंगार लोखंड भट्टीत वितळवून सळया करतात, हे त्यांना ठाऊक होते. "म्हणजे मोडक्या नांगरातले लोखंडाचे अणू सळईतही तेच राहतात," असे एक मुलगी म्हणाली, तेव्हा मलाही नवल वाटले.

खरी गंमत पुढेच आहे. आमच्या भागातील कित्येक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी परमुलखात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडी परततात. त्या वर्गातला एक मुलगा असाच चार महिन्यांनी नुकताच परतला होता. त्याची वही कोरी होती आणि तो मागच्या बाकावर मान खाली घालून बसे. खेळात तो अर्धा कार्बन झाला होता. खेळ संपल्यावर तो हळूच म्हणाला, "बाई, आम्ही जमिनीवर उभे होतो, म्हणून चारही हात आडवे झाले. पण अणू काही जमिनीवर उभा नसतो. मग त्याचा एखादा हात वर नसेल का?"

बाई क्षणभर स्तब्ध झाल्या. मग त्यांनी जे सांगितले, ते ऐकून मीही थक्क झालो. १८६५ साली लंडनमध्ये हॉफमन या जर्मन शास्त्रज्ञाने एका व्याख्यानात रेणूंच्या प्रतिकृती मांडल्या. त्यासाठी त्याने काय वापरले असेल? क्रोकेट नावाच्या खेळातले चेंडू! कार्बन काळा, ऑक्सिजन लाल, नायट्रोजन निळा, ही रंगांची प्रथा तेव्हापासून चालत आली आहे. पण त्याचे मिथेन सपाट होते; चारही हात एकाच पातळीत. पुढे १८७४ साली व्हान्ट हॉफ या बावीस वर्षांच्या डच तरुणाने आणि फ्रान्समध्ये ल बेल याने, स्वतंत्रपणे, कार्बनचे हात चार दिशांना फाकलेले असतात, असे प्रतिपादन केले. १९०१ साली रसायनशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक मिळाले ते याच व्हान्ट हॉफला. आमच्या कोऱ्या वहीच्या मुलाला तोच प्रश्न पडला होता!

दुसऱ्या दिवशी मुलांनी पोळ्याला ज्या काळ्या मातीचे बैल करतात, त्याच मातीच्या गोळ्या केल्या आणि बाभळीच्या काट्यांनी त्या जोडल्या. त्या मुलाने रानातला सराटा आणून दाखवला. सराटा कसाही टाका, त्याचे एक टोक वर राहतेच. कार्बनच्या चार हातांची कल्पना येण्यास याहून सोपे साधन कोणते?

अर्थात, अणूंना खरेखुरे हात नसतात. शेजारचे अणू आपल्याजवळील इलेक्ट्रॉन वाटून घेतात आणि त्यामुळे एकत्र राहतात. हात ही केवळ उपमा. मुख चंद्रासारखे म्हटले, म्हणून कोणी त्याच्या कला मोजत नाही. परंतु उपमा कोठे अपुरी पडते, हे ज्याला दिसते, त्याला पुढची वाट सापडते. तो मुलगा खेळाचा नियम मनापासून पाळत होता, म्हणूनच त्याला नियमाची उणीव दिसली. त्याचे बुडालेले चार महिने एका खेळाने भरून निघाले नाहीत. त्यासाठी त्याला रात्री जागून वही पुरी करावी लागली. मात्र त्या दिवसानंतर त्याने मान खाली घातली नाही.

मुलांनो, मधल्या सुटीत हा खेळ तुम्हीही खेळून पाहा. मिथेनचा एक रेणू पूर्णपणे जळतो, तेव्हा कार्बन डायऑक्साइड आणि पाणी तयार होते. त्यासाठी ऑक्सिजनच्या किती जोड्या बोलवाव्या लागतील? उत्तर पुस्तकात शोधू नका. शिट्टी वाजवा, आणि कोणाचाही हात रिकामा राहू देऊ नका.