दिवाळीच्या सुटींत कोठें जावें?

संसारांत कांहीं प्रश्न असे असतात कीं, त्यांचें उत्तर कसेंहि दिलें तरी जगाचें कांहीं अडत नाहीं. आणि म्हणूनच त्यांवर घरोघर मनसोक्त वाद चालतो. दिवाळीच्या सुटींत लहान मुलांना घेऊन कोठें जावें, हा प्रश्न पुष्कळांस याच जातीचा वाटेल. आम्हांस तो तसा वाटत नाहीं. सोयाबीनचा भाव पडला म्हणजे सारें गांव बोलूं लागतें. परंतु मुलांच्या डोळ्यांखालून कोणता मुलूख गेला आणि कोणता गेला नाहीं, याचा जमाखर्च कोणीच मांडीत नाहीं. तो मांडून पाहावा, एवढ्याच हेतूनें आम्ही आज लेखणी उचलली आहे.

२०२५ सालच्या दिवाळींत आमच्या लातुरांतील घरीं जी मंडळी जमावयाची होती तींत पुण्याची कन्या, जांवई, सात वर्षांची नात आणि चार वर्षांचा नातू हे प्रमुख होते. कोजागरीच्या सुमारास दूरध्वनीवर परिषद भरली. जांवईबापूंनीं गोव्याचा ठराव मांडला. मुलांना समुद्र दाखवावयास हवा, असें त्यांचें म्हणणें. कन्येनें महाबळेश्वर सुचविलें. मुलांना थंड हवा मानवते. आमच्या सौभाग्यवतींनीं हैदराबादेचा पक्ष घेतला. सालारजंगाचें वस्तुसंग्रहालय आणि तेथील प्राणिसंग्रहालय हीं जणूं मुलांसाठींच निर्माण झालीं आहेत, आणि चारमिनाराशेजारीं बांगड्यांचीं दुकानें आहेत हा निव्वळ योगायोग त्यांनीं शेवटीं हळूच सांगितला. नांदेडास धाकट्या बंधूंकडे राहणाऱ्या आमच्या मातोश्रींनीं ‘माहूर’ एवढा एकच शब्द उच्चारला. नातीला जेथें हत्ती असेल तेथें जावयाचें होतें. आणि नातवाची अट अशी कीं, कोठेंहि चला, पण आगगाडीनें चला. हा वृत्तान्त ऐकतां ऐकतां एक गोष्ट आमच्या ध्यानांत आली. मातोश्री आणि तीं दोन बालकें यांनीं आपलें मागणें आपल्या नांवानें मांडलें. मधल्या सर्वांनीं आपापली हौस मुलांच्या नांवावर जमा केली होती.

असें होणें अगदीं स्वाभाविक आहे. इंग्रज निबंधकार हॅझलिट यानें १८२२ सालीं प्रवासावर एक निबंध लिहिला. प्रवासास एकट्यानें निघण्यांतच खरी मौज, असा त्याचा अभिप्राय. हा निबंध आम्ही वर्गांत अनेक वेळां शिकविला आहे, आणि प्रत्येक वेळीं मनांत आलें आहे कीं, या गृहस्थाच्या पिशवींत दुधाची बाटली, सुकीं अंगडीं आणि ओकारीवर उपाय म्हणून लिंबू, यांपैकीं कांहींच नसावें. ज्यांच्या बरोबर लहान मुलें आहेत त्यांना प्रवासाची मौज मुलांच्या मापानेंच घ्यावी लागते. आमच्या घरीं यासंबंधीं एक साधा नियम ठरून गेला आहे: मुलाचें जितकें वय, तितकेच तास त्यानें एका दिवसांत गाडींत बसावें. चार वर्षांच्या मुलास चार तास. पांचव्या तासास मूल रडूं लागतें, सहाव्या तासास आई रागावते, आणि सातव्या तासास आजोबांचा तत्त्वज्ञानावरील विश्वास उडतो. लातुराहून गोवा किंवा महाबळेश्वर या मापांत मुळींच बसत नाहीं. शिवाय ऐन दिवाळींत अशा ठिकाणीं जी गर्दी लोटते तींत चार वर्षांच्या मुलास माणसांच्या गुडघ्यांपलीकडे कांहीं दिसण्याचा संभव थोडा.

दुसरा मुद्दा अपेक्षेचा. चार्ल्स लॅम यानें मार्गेटच्या गलबतावरील आपल्या निबंधांत, समुद्र प्रथम पाहणाऱ्याची निराशा कां होते याची मीमांसा केली आहे. तिचें सार असें कीं, मनानें सारा महासागर एकदम पाहण्याची तयारी केलेली असते, आणि किनाऱ्यावर उभें राहिल्यावर दिसते ती खाऱ्या पाण्याची एक पट्टी. स्थळाचें नांव जितकें मोठें तितकी ही निराशा मोठी. मागें एकदां आम्ही नातीस उदगीरचा किल्ला दाखविण्यास नेलें होतें. १७६० सालीं सदाशिवरावभाऊंनीं निजामाचा पराभव केला तें हें उदगीर. आणि पुढच्याच वर्षीं भाऊ पानिपतावर पडले, हें सारें आम्ही मोठ्या आवेशानें सांगत होतों. बाईसाहेबांचें चित्त मात्र तटावरून पळणाऱ्या एका खारींत गुंतलें होतें. रात्रीं अंथरुणावर पडल्यावर तिनें विचारलें, “आजोबा, त्या भाऊंना पानिपतहून परत यायला कोणीच गाडी पाठवली नाही का?” तेव्हां आमची खात्री झाली कीं, इतिहास मुलांच्या मनांत पुढच्या दारानें शिरत नाहीं, तो खारीच्या मागोमाग जातो. सारांश, मुलांस स्थळाच्या कीर्तीशीं कर्तव्य नसतें. धांवावयास जागा, हात घालावयास पाणी, आणि प्रश्न विचारल्यास उत्तर देणारें माणूस जवळ असलें म्हणजे त्यांचें भागतें.

तिसरा मुद्दा ऋतूचा, आणि आमच्या मतें तोच सर्वांत महत्त्वाचा. समुद्र वैशाखांतहि असतो आणि चारमिनार बारा महिने उभा आहे. परंतु मराठवाड्याचा शरद ऋतु आश्विन-कार्तिकांत येतो आणि पाहतां पाहतां निघून जातो. आमच्या मुलखाची बाहेर जी ओळख आहे ती उन्हाळ्यांतली. एप्रिल २०१६ मध्यें मिरजेहून लातुरास आगगाडीनें पाणी आणावें लागलें, तेव्हां आमच्या शहराचें नांव देशभर झालें. ती गोष्ट खरी आहे आणि विसरण्यासारखीहि नाहीं. पण पाऊस सरतां सरतां बालाघाटाच्या उतारांवर गवत कमरेइतकें वाढतें, सीताफळांचे डोळे उघडूं लागतात, झेंडूचीं वावरें पेटल्यासारखीं दिसतात, ओढ्यांना अजून पाणी असतें, आणि रब्बीच्या पेरणीची लगबग सुरू होते. नेमकें त्याच पंधरवड्यांत आम्ही लोक घरास कुलूप लावून दुसऱ्यांचा मुलूख पाहावयास निघतों. पाहुणा दारांत यावा आणि यजमानानें तोच मुहूर्त धरून परगांवीं जावें, तशांतलीच ही रीत.

आमच्या लहानपणीं ठिकाण निवडण्याचा त्रासच नव्हता. दिवाळीची सुटी म्हणजे आजोळ. १९११ सालीं लातुरापर्यंत आलेल्या बार्शी लाइट रेल्वेच्या अरुंद रुळांवरून आम्ही बार्शीस आजोळीं जात असूं. आतां तेथें रुंद रूळ आले आहेत, आणि आजोळेंहि बहुधा पुण्या-मुंबईच्या सदनिकांत गेलीं आहेत. तरी मुलांना घेऊन बाहेर पडण्याची विद्या आमच्याकडे नाहीं असें नव्हे. मार्गशीर्षांतील वेळा अमावास्येस, म्हणजे आमच्या येळवशीस, लातूर शहर ओस पडतें. ज्याला शेत आहे तो आपल्या शेतांत जातो, ज्याला नाहीं तो स्नेह्याच्या शेतांत जातो. कडब्याची कोप, चुना लावलेले पांच पांडव, आंबिलाचें मडकें, भज्जी आणि बाजरीचे उंडे, एवढ्यावर दिवस सरतो. त्या दिवशीं ‘मुलांना रमवावें कसें’ हा प्रश्न कोणीं विचारल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.

असें असून, पाहुण्यानें विचारलें कीं, तुमच्याकडे पाहण्यासारखें काय आहे, तर आमचा ठरीव जबाब, “आमच्याकडे काय असणार?” औसा तालुक्यांत खरोसें येथें जांभ्या दगडांत कोरलेलीं लेणीं आहेत; तीं सहाव्या-सातव्या शतकांतलीं मानतात. कंधारास राष्ट्रकूटांच्या काळापर्यंत मागें जाणारा भुईकोट आहे, आणि त्याच्या खंदकांत पाणी असतें; लहान मुलास किल्ला म्हणजे काय हें समजावून देण्यास पाण्यानें भरलेल्या खंदकासारखें साधन नाहीं. तरी वर्गांत आम्ही ‘आवडतें स्थळ’ हा विषय दिला म्हणजे निबंध येतात ते ताजमहालावर आणि मुंबईच्या चौपाटीवर. खरोसें लातुरापासून तास-सव्वा तासाच्या वाटेवर; तेथें गेलेल्यांनीं हात वर करावे असें एकदां म्हटलें, तर साठांच्या वर्गांत चार हात वर झाले.

या मुलांस दोष देणें अन्यायाचें होईल. लातूर हें परीक्षांचें शहर आहे. येथील निकालांमुळें ‘लातूर पॅटर्न’ हा शब्द महाराष्ट्रभर रूढ झाला. त्याचा आम्हांस अभिमान आहे, आणि शहरांतील कित्येकांचा चरितार्थहि त्यावर चालतो. पण त्याची एक किंमत आहे. मूल नववींत गेलें कीं त्याची दिवाळी शिकवणीच्या वेळापत्रकांत जाते, आणि बारावीनंतर तें मूलच दूर जातें. चालूं-बोलूं लागल्यापासून मोजलें तर एका मुलाच्या वांट्यास शरद ऋतूच्या दहा सुट्या येतात. त्यांतल्या दोन आजारपणांत आणि दोन लग्नकार्यांत गेल्या असें धरलें तर उरल्या सहा. या सहांत जो मुलूख डोळ्यांखालून गेला तोच पुढें आपला वाटतो. बाकीचा केवळ जन्माच्या दाखल्यावर राहतो. पुण्यांत वाढणाऱ्या आमच्या नातवंडांच्या बाबतींत तर हा हिशेब याहूनहि कडक आहे.

इतका विचार होतो न होतो तोंच एक अडचण उभी राहिली, आणि ती वेळेची किंवा अंतराची नव्हती. २०२५ च्या सप्टेंबरांत मराठवाड्यांत अतिवृष्टि झाली होती. मांजरेचें पाणी पात्र सोडून शेतांत शिरलें. नदीकांठीं शेती करणारे आमचे एक चुलतबंधु आहेत. त्यांचें काढणीस आलेलें सोयाबीन उभ्या जागीं कुजलें, आणि एका वावरांतली तर मातीच वाहून गेली. अशा सालीं आम्हां पगारदारांनीं सहलीच्या गोष्टी कराव्या, हें मनास बोचूं लागलें. मातोश्री म्हणाल्या, “आधी त्याच्याकडं जाऊन ये, मग कुठं जायचं ते ठरव.” आम्ही गेलों. चुलतबंधूंनीं सारें ऐकून घेतलें आणि म्हणाले, “दादा, पीक गेलं ते गेलं. पोरं दोन वर्षांत रानात आली न्हाईत. घेऊन या त्यांना. बांधावरलं गवत तर हिरवं हाय की!”

या एका वाक्यानें परिषदेचा निकाल लागला. पहिला दिवस त्यांच्या रानांत घालवावा, असें ठरलें. आणि जांवईबापूंनीं आपण होऊन गोव्याच्या खर्चाचा अंदाज काढून त्यांतला मोठा भाग हरभऱ्याच्या बियाण्याकडे वळविला. चुलतबंधूंनीं ती रक्कम उसनी म्हणूनच घेतली. मुलांनीं त्या दिवशीं बाभळीच्या शेंड्यांत अडकलेला पुराचा काडीकचरा पाहिला. “पाणी एवढं वर आलं होतं?” असें नातीनें विचारलें. चुलतबंधूंनीं तिला खांद्यावर घेऊन हात वर करावयास सांगितलें. तरीहि हात तेथवर पोंचला नाहीं.

पुढें लातूररोड, परळी, परभणी अशा वळणानें आगगाडीनें नांदेड गांठलें. तास नियमापेक्षां थोडे अधिक झाले. परंतु आगगाडींतले तास नातू तासांत धरीत नाहीं. गुरु गोविंदसिंगांनीं १७०८ सालीं जेथें देह ठेवला तेथें महाराजा रणजितसिंगांनीं १८३२ ते १८३७ या काळांत मंदिर बांधविलें. पंजाबच्या राजानें गोदेकांठीं इतकें मोठें काम कां केलें, हें मुलांना तेथील लंगरांत जमिनीवर पंगतीस बसल्यावर आमच्या व्याख्यानावांचून थोडेंफार समजलें. मग सहस्रकुंड. पैनगंगा येथें काळ्या खडकांवरून अनेक धारांनीं खालीं झेंपावते. एका तीरास नांदेड जिल्हा, दुसऱ्यास यवतमाळ. हें दृश्य उन्हाळ्यांत मिळत नाहीं. मात्र मुलें बरोबर असतील तर हात सोडूं नये आणि खडकांवर उतरूं नये. वर ईसापूरचें धरण आहे, आणि त्याचे दरवाजे उघडले म्हणजे पाणी एकाएकीं चढतें.

शेवटीं माहूर. मातोश्रींस पायऱ्या चढवेनात, म्हणून त्या खालींच बसल्या. मुलें वर जाऊन रेणुकेचें दर्शन घेऊन आलीं, आणि तेथला प्रसाद म्हणून कुटलेल्या विड्याचा तांबूल पानांत बांधून त्यांनीं पणजीस आणून दिला. तिघांनीं जिभा काढून कोणाची अधिक लाल झाली याचा निवाडा आमच्याकडे मागितला. मातोश्री प्रथम येथें आल्या त्या सहा वर्षांच्या असतांना, बैलगाडीनें. ही गोष्ट आम्हांसहि त्या दिवशींच कळली.

हत्ती तेवढा कोठें मिळाला नाहीं. पुढच्या सुटींत उदगीरजवळचें हत्तीबेट दाखवूं, असें आम्ही नातीस सांगितलें; नांवावर भागविण्याचा हा डाव तिनें तत्काळ ओळखला, तेव्हां हैदराबादचें प्राणिसंग्रहालय आतां टळत नाहीं. सौभाग्यवतींचा पक्ष अशा रीतीनें विजयी झाला आहे, आणि त्याला आमची हरकत नाहीं. गोव्यासहि एकदां जाऊं. दूरचें पाहूं नये असा आमचा सिद्धान्त नाहीं. दूरचें मागाहूनहि पाहतां येतें, इतकेंच आमचें म्हणणें आहे. समुद्र कोठें जात नाहीं. मूल मात्र पुढच्या शरदांत आठ वर्षांचें होतें, आणि पणजी आणखी एक वर्षानें थकते. ठिकाण निवडतांना नकाशापेक्षां या दोन वयांकडे अगोदर पाहावें.