सहावा पक्षी

"पक्षी बघायला एवढ्या लांब जायचं? आपल्या परसातल्या फणसावर काय कमी येतात?"

आमच्या अम्मींचा, म्हणजे सासूबाईंचा, हा प्रश्न रास्त होता. त्यांचा दुसरा प्रश्न त्याहून रास्त होता, "आणि तिथं खाणार काय?" दोन्हींची उत्तरं मी परत आल्यावर दिली. तीच इथे लिहिते.

आम्ही गेलो होतो इंडोनेशियाच्या अगदी पूर्वेकडच्या राजा अम्पात बेटांवर. मुंबईहून जकार्ता, तिथून रात्रीचं विमान पकडून पहाटे सोरोंग आणि सोरोंगहून फेरीबोटीने सुमारे दोन तासांत वाइसाई. घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे. 'राजा अम्पात' म्हणजे चार राजे. वाइगेओ, बतांता, सालावाती आणि मिसूल ही चार मोठी बेटं आणि त्यांच्याभोवती विखुरलेली दीड हजाराहून जास्त लहान बेटं. तिथली लोककथा सांगते की एका बाईला जंगलात सात अंडी सापडली आणि त्यांतल्या चारांतून चार राजे जन्मले. हे राजे पुढे तिदोरेच्या सुलतानाला मानू लागले. त्याच समुद्रमार्गाने इस्लामही इथे आला. म्हणून आजही एका गावात मशीद आणि खाडीपलीकडच्या गावात चर्च, असं दिसतं.

आम्ही सात जण होतो. वाटाड्या सोरोंगचा, बुगिस मुसलमान. सलाम झाल्यावर त्याने पहिल्या दिवशी आम्हाला भाषा शिकवली आणि आम्हालाच हसू आलं. "आपा कबार?" म्हणजे "काय खबर?" दुनिया म्हणजे 'दुनिया', किताब म्हणजे 'किताब', अमानत म्हणजे 'अमानत'. फक्त कर्जाला त्यांचा शब्द वेगळा, 'उतांग'. हे दोन शेवटचे शब्द पुढे कामाला आले.

मुक्काम गाम बेटावरच्या साविंगराई गावात, समुद्रात खांब रोवून बांधलेल्या घरात. गाव ख्रिस्ती. घरच्या बाईंना वाटाड्याने आमच्याबद्दल आधीच कळवलं होतं. त्यांनी आमच्यासाठी नवी कढई काढली होती आणि ती वेगळ्या खुंटीला टांगली होती. जेवणात भात, ताजा मासा, मिरचीची चटणी आणि कांगकुंग नावाची पालेभाजी. कोकणातल्या माणसाला याहून काय हवं? एकदा सागोच्या झाडाच्या गाभ्यापासून केलेलं पापेदा वाढलं. ते खळीसारखं चिकट असतं, दोन काट्यांवर गुंडाळून माशाच्या पिवळ्या रश्शात बुडवून गिळायचं. यांनी दोनदा घेतलं. मी एकदाच.

पक्ष्याची जागा गावामागच्या टेकडीवर होती. ती ज्या कुळाच्या मालकीची, त्याचे वडीलधारे गृहस्थ आम्हाला नेणार होते. तिथे वडीलधाऱ्याला 'बापा' म्हणतात, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. पहाटे पावणेपाचला निघालो. मिट्ट काळोख, निसरडी वाट, पायाखाली मुळ्यांचं जाळं. अर्ध्या चढणीवर माझा टॉर्च विझला. बापांनी मागे वळून पाहिलं, आपल्या कपाळावरचा टॉर्च सोडला आणि माझ्या हातात दिला. स्वतः पुढे अंधारातच चालू लागले, जसं आपण घरात रात्री पाणी प्यायला उठून चालतो तसं.

थोडं वर एका सपाट जागी ते थांबले आणि न विचारता हाताने एक दिशा दाखवली. वाटाड्या रोज इथेच फजर पढतो, त्यामुळे त्यांना आमचा किब्ला पाठ होता. आपल्यासारखाच पश्चिमेकडे, जरासा उत्तरेला झुकलेला. आम्ही चौघांनी वल्या पाचोळ्यावर रेनकोट अंथरून नमाज पढली. बाकीचे गप्प उभे राहिले.

मग उजाडलं. आधी काकाकुव्यांचा कलकलाट. मग डोक्यावरून सूं-सूं आवाज गेला, जणू कोणी मोठा पंखा हलवत पळतंय. तो धनेश होता. आपल्या कोकणातल्या धनेशाचा लांबचा भाऊबंद. पोपटांची एक जोडी आली. नर हिरवागार, मादी लालभडक. इतका फरक की पूर्वीच्या अभ्यासकांनी त्यांना दोन वेगळ्या जातीच मानलं होतं.

आणि मग उंच झाडाच्या उघड्या फांदीवर तो आला. इंग्रजीत ज्यांना 'बर्ड ऑफ पॅरडाइज', म्हणजे जन्नतचा पक्षी म्हणतात, त्यांतला हा तांबडा. तिथे या पक्ष्यांना चेंद्रावासिह म्हणतात. पिवळी चोच, पाचूसारखा हिरवा चेहरा, कुशीतून निघालेल्या लाल पिसांचा झुबका आणि शेपटीतून खाली लोंबणाऱ्या दोन काळ्या, वळलेल्या फिती. पंख उघडून तो फांदीवर थरथरू लागला. दुसरा आला, तिसरा आला. साधी तपकिरी मादी बाजूला बसून परीक्षा घेत होती. जगात हा पक्षी फक्त वाइगेओ, बतांता आणि त्यांच्या शेजारच्या काही बेटांवरच आहे. सूरह मुल्कमध्ये पंख पसरणाऱ्या आणि मिटणाऱ्या पक्ष्यांकडे पाहायला सांगितलं आहे. ती आयत मी लहानपणापासून पढत आले. तिचा हुकूम त्या दिवशी मन लावून पाळला.

खाली उतरून चहा घेताना वाटाड्याने या पक्ष्यांची कथा सांगितली. 1522 मध्ये मॅगेलनच्या मोहिमेतलं एकच जहाज परत युरोपात पोहोचलं. त्यावर बाचानच्या सुलतानाने भेट दिलेली या पक्ष्यांची कातडी होती. व्यापारासाठी कातडी सोलताना इथले लोक पाय कापून टाकत. ते पाहून युरोपात समज पसरला की हे पक्षी पायांशिवायच जन्मतात, कधी जमिनीवर उतरत नाहीत आणि दव पिऊन जगतात. 1758 मध्ये लिनियसने एका जातीला 'पाय नसलेला' अशा अर्थाचं नावच दिलं.

मग 1860 मध्ये आल्फ्रेड रसेल वॉलेस हा इंग्रज निसर्ग-अभ्यासक याच गाम बेटावर आला. नैसर्गिक निवडीचा सिद्धान्त डार्विनबरोबर मांडणारा हाच. शेजारच्या येनबेसेर गावात, ज्याला त्याने बेसिर लिहिलं आहे, तो एका बुटक्या झोपडीत सुमारे सहा आठवडे राहिला. झोपडी इतकी बुटकी की त्याला आत सरळ उभं राहता येत नसे. त्याला तांबडे पक्षी हवे होते. ते पकडायची विद्या फक्त गावकऱ्यांकडे होती. झाडावर चढून लाल फळाचं आमिष लावायचं, त्याभोवती दोरीचा फास ठेवायचा आणि खाली तासन् तास बसून राहायचं. पक्षी फळाला आला की दोरी ओढायची.

वॉलेसने कुऱ्हाडी, सुऱ्या, रुमाल, मणी असा माल आगाऊ द्यायची तयारी दाखवली. पहिल्यांदा एकट्यानेच धाडस केलं. त्याचा व्यवहार नीट झालेला पाहून आणखी सहा जणांनी माल उचलला. कोणी एका पक्ष्याचा, कोणी जास्तीचा, एकाने तर सहांचा. ते जंगलात दूरवर निघून गेले. लिखापढी नाही, जामीन नाही. न परतले असते तर वॉलेस काहीच करू शकला नसता. पण ते परतले. ज्याने सहांचा माल घेतला होता त्याने पाचवा पक्षी निघण्याच्या दोन दिवस आधी आणला आणि सहाव्यासाठी लगेच परत जंगलात गेला. निघायची वेळ झाली, सामान होडीत चढलं, तरी त्याचा पत्ता नाही. होडी सुटणार तोच तो किनाऱ्यावरून धावत आला, हातात पक्षी उंच धरून. तो पक्षी देऊन तो समाधानाने म्हणाला की आता आपल्यावर काही देणं राहिलं नाही.

वॉलेसने 1869 च्या आपल्या पुस्तकात हे सगळं लिहून ठेवलं आहे. अशा लोकांकडून इतका प्रामाणिकपणा त्याला अनपेक्षित वाटला, हेही लिहिलं आहे. मला ते नवल खटकलं. अमानत तिच्या हकदाराला पोहोचवण्याचा हुकूम सूरह निसामध्ये आहे. तो हुकूम ज्याच्या कानी कधी पडला नव्हता, तो माणूस सहावा पक्षी घेऊन धावत आला. आणि तो हुकूम पढणारे आपण? शेजाऱ्याची शिडी आपल्याकडे किती महिने पडून असते?

वॉलेसकडेही एक देणं राहिलं, असं मला वाटतं. त्याच्याबरोबर बरीच वर्षं सारावाकचा अली नावाचा मलाय तरुण होता. तो पक्षी टिपायचा, कातडी सोलून टिकवायचा. 1858 मध्ये बाचान बेटावर विज्ञानाला अपरिचित असा एक स्वर्गपक्षी अलीनेच आणून मालकाला दाखवला. वॉलेसने ते प्रांजळपणे लिहिलं, म्हातारपणी आपल्या आत्मचरित्रात अलीचा फोटोही छापला. पण लंडनमध्ये त्या पक्ष्याला नाव पडलं ते वॉलेसचं. आपल्या मुंबईच्या सालिम अलींचं नाव आपण अभिमानाने घेतो. या दुसऱ्या अलीचं नावही मुलांना सांगायला हरकत नाही.

दुसऱ्या दिवशी वाइगेओवर 'विल्सन'चा स्वर्गपक्षी पाहिला. हा चिमणीपेक्षा फार मोठा नाही. पण डोक्यावर पिसांऐवजी निळीशार उघडी त्वचा, मानेवर पिवळा पट्टा, पाठ लाल आणि शेपटीत दोन वळलेल्या जांभळ्या तारा. हा जमिनीवर आपलं अंगण राखतो. एक पान पडलेलं खपत नाही, चोचीने उचलून बाहेर टाकतो. आमच्यातल्या एकाने फोटोसाठी अंगणात मुद्दाम पान टाकू का, असं विचारलं. ही युक्ती बरेच जण करतात. तिथल्या मालकाने मान हलवली. तो रोज झाडतोच, म्हणाला, तुमच्यासाठी वेगळं काम कशाला लावता? आम्ही लपणीत तासभर बसलो. वारा आला, पान आपोआप पडलं आणि अंगणाचा मालक झाडायला हजर झाला.

सहलीच्या पत्रकात 'आदिवासी संस्कृतीचं दर्शन' असंही लिहिलेलं असतं. एका संध्याकाळी नाच झाला, छान झाला. पण तिथली खरी संस्कृती मला 'सासी'मध्ये दिसली. गावाने ठरवून समुद्राचा किंवा जंगलाचा एक भाग काही काळ बंद करायचा. तिथले शिंपले, समुद्रकाकड्या, शेवंड, काही काढायचं नाही. वाढ झाली की सगळ्यांनी मिळून उघडायचं. बंदी कुठे चर्चमधल्या प्रार्थनेने घालतात, कुठे मशिदीतल्या दुआने. मुदतीआधी हात लावणं म्हणजे बेइमानी.

पण सासी पाळणाऱ्या गावकऱ्यांपुढे मोठी संकटं आहेत. या बेटांच्या लाल मातीत निकेल आहे. खाणींविरुद्ध ओरड झाली, तेव्हा जून 2025 मध्ये इंडोनेशियाच्या सरकारने इथल्या पाचपैकी चार खाण कंपन्यांचे परवाने रद्द केले. गाग बेटावरचा परवाना राहिला. बापांना विचारलं तर ते एवढंच म्हणाले की पक्षी रोज येतो आणि रोज पाहुणे आणतो, खाण एकदाच देते.

जायचं असेल त्यांच्यासाठी दोन-चार गोष्टी. जुलै ते सप्टेंबर समुद्र खवळलेला असतो, तेव्हा टाळा. मलेरियाबद्दल निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. प्रवेशपत्राचं शुल्क आणि जंगलमालकाचे पैसे रोख ठेवा. हलाल खाण्याचं आधी कळवा. सोरोंग आणि वाइसाईत अडचण नाही, गावात मासा आहेच. गावात अंगभर कपडे घाला, तिथल्या बायांनाही तेच आवडतं.

परतीच्या दिवशी वाइसाईच्या धक्क्यावर फेरी लागली होती. पाण्याची बाटली काढायला मी बॅगेत हात घातला आणि हाताला पट्टा लागला. बापांचा टॉर्च! तीन दिवस माझ्याकडेच. आणि त्यांनी एका शब्दाने मागितला नव्हता. आम्हाला सोडायला आलेला गावचा होडीवाला पेट्रोल भरायला मागच्या बाजूला गेला होता. "तुम्ही सामान बघा," म्हणत मी निघणारच होते, पण हेच टॉर्च घेऊन पळाले. साठीला आलेला माणूस, एका हाताने चष्मा सांभाळत, दुसऱ्या हातात टॉर्च उंच धरून ओरडत, "उतांग! उतांग!" धक्क्यावरचे सगळे हसले. होडीवाल्याने टॉर्च शर्टाच्या आत ठेवला. हे धापा टाकत फेरीवर चढले तेव्हा वाटाड्याने त्यांना मिठी मारली.

आठवड्याने वाटाड्याने फोटो पाठवला. बापा टेकडीवर, टॉर्च कपाळावर.

ते देणं फिटलं, अल्हम्दुलिल्लाह. पण निकेलचं पोलाद माझ्याच स्वयंपाकघरात आहे, फळीवरच्या चकचकीत डब्यांत. जुने चांगले असताना नवे घ्यायची मला हौस होती. अम्मींना मी पक्ष्याचा फोटो दाखवला आणि सगळी हकीकत सांगितली. त्या बराच वेळ फोटो बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "ती शेजारची शिडी आधी देऊन ये."

मी देऊन आले.