चुंबक चिकटला नाही म्हणून

समुद्रपूरला आमच्या भाच्याने महिनोन्‌महिने पैसे साठवून नागपूरहून धातूची छोटी मोटार आणली. आळीतल्या पोरांनी तिला लोहचुंबक लावला. चिकटला नाही. “नकली आहे, फसलास!” पोरगा रात्री जेवला नाही.

मी म्हटले, बाळा, ही मोटार लोखंडाची नसतेच. जस्तात थोडे ॲल्युमिनियम मिसळून तो तापलेला रस दाबाने पोलादी साच्यात भरतात. जस्ताला चुंबक चिकटत नाही. खरी पारख वेगळीच असते.

त्याची मोटार मर्सिडीज सी-१११ ची प्रतिकृती. मूळ गाडी १९६९ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात मांडली होती. दारे पंखासारखी वर उघडायची, पण ती विक्रीला कधी आलीच नाही. जामच्या चौकात दिवसभर उभे राहिलो तरी दिसायची नाही! म्हणून अशा नमुना-गाडीचे छायाचित्र मिळवावे आणि बाजूने ताडून पाहावे. चाके मोठी झाली, काच उंच झाली, की चेहराच बिघडतो. पेटीवर १:४३ लिहिले असेल, तर ४३० सेंटिमीटरची गाडी १० सेंटिमीटर भरली पाहिजे. कडा बुजतील इतका जाड रंग नको. सपाट काचेवर चारही चाके टेकावीत. दारे उघडतात यावर लोक फार भाळतात; मला विचाराल तर ढिल्या दारापेक्षा न उघडणारे बरे. भाच्याने पट्टी घेऊन सगळे मोजले. एक चाक किंचित अधांतरी निघाले, बाकी गाडी छायाचित्राबरहुकूम.

लहान लेकरांसाठी घेताना मात्र आधी आयएसआय खूण पाहावी. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर ती सक्तीची आहे.