चार हातांचे प्रथिन

२०२१ मध्ये करोनाची लस घेतलेली पुष्कळ मंडळी लॅबमधून अँटिबॉडीचा आकडा काढून आणत आणि शेजाऱ्याच्या आकड्याशी ताडून पाहत. ज्याचा आकडा कमी, त्याचा चेहरा उतरलेला! पण त्या रिपोर्टात शरीराच्या फौजेतील एका मोठ्या तुकडीचा उल्लेखच नसे. ती तुकडी म्हणजे टी पेशी. विषाणू एकदा पेशीच्या आत शिरला की अँटिबॉडीचे हात सहसा तिथवर पोहोचत नाहीत. मग ती बाधित पेशीच नष्ट करावी लागते आणि ते काम मारक टी पेशींचे.

या पेशी मोजायच्या कशा, हा फार जुना पेच. अँटिबॉडी विषाणूला थेट धरते. टी पेशीला मात्र तो ताटात वाढून द्यावा लागतो. आपल्या बहुतेक सर्व पेशी आतल्या प्रथिनांचे बारीक तुकडे एचएलए नावाच्या प्रथिनाच्या खोबणीत ठेवून बाहेर मांडतात. (मूत्रपिंडरोपणाआधी डॉक्टर जुळणी पाहतात, ती याच एचएलएची.) टी पेशी ताट आणि त्यातला घास, दोन्ही एकदम पारखते.

हे उलगडले ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथे, १९७३ च्या सुमारास. पीटर डोहर्टी हे मूळचे गुरांचे डॉक्टर, तर रोल्फ झिंकरनागेल स्वित्झर्लंडहून आलेले. प्रयोगशाळेत जागा अपुरी, म्हणून दोघे एका खोलीत. एका जातीच्या उंदराच्या टी पेशी त्याच जातीच्या बाधित पेशी मारत. दुसऱ्या जातीच्या उंदराच्या पेशींत तोच विषाणू असला, तरी त्यांना हात लावत नसत. घास ओळखीचा, पण ताट परके!

तेव्हा युक्ती साधी वाटते: ताट आणि घास बाहेरच तयार करावेत, त्यांना चमकणारा रंग लावावा आणि रक्तात सोडावेत. चिकटेल ती आपली पेशी. अडचण एवढीच की एका ताटाची पकड अगदी ढिली. काही सेकंदांत सुटते. अमेरिकेत स्टॅनफर्ड येथे मार्क डेव्हिस यांच्या प्रयोगशाळेत जॉन ऑल्टमन आणि सहकाऱ्यांनी त्यावर तोड काढली. एचएलएचे जनुक जिवाणूंत घालून त्यांच्याकडून प्रथिन बनवून घेतले, विषाणूच्या तुकड्यासह त्याची नीट घडी घातली आणि शेपटाला बायोटिन हे जीवनसत्त्व जोडले. कोंबडीच्या अंड्याच्या पांढऱ्या भागात ॲव्हिडिन नावाचे प्रथिन असते. त्याला बायोटिन पकडणाऱ्या चार जागा. झाले, चार ताटे एकत्र बांधली गेली! एक हात सुटला तरी उरलेले तीन धरून ठेवतात. या जोडणीला टेट्रामर म्हणतात. तिच्या साहाय्याने एचआयव्हीबाधितांच्या रक्तातील नेमक्या टी पेशी दिसल्या. हा शोधनिबंध ऑक्टोबर १९९६ चा; त्याच महिन्यात डोहर्टी आणि झिंकरनागेल यांना नोबेल जाहीर व्हावे, हा योगायोग गोडच.

अर्थात ताट माणसागणिक वेगळे. पहिले टेट्रामर एचएलएच्या ए-२ या प्रकाराचे, जो युरोपीय वंशाच्या लोकांत फार आढळतो. भारतात ए-२ च्याच निराळ्या पोटजाती बऱ्याच दिसतात. एकच साहित्य सर्वांना चालत नसल्याने गल्लीतल्या लॅबमध्ये ही तपासणी होत नाही.

मोजणीने मात्र धक्का दिला. हैदराबादेत जन्मलेले, उस्मानिया विद्यापीठात शिकलेले रफी अहमद यांच्या अटलांटा येथील प्रयोगशाळेत काजा मुरलीकृष्ण आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये बाधित उंदरांच्या पेशी मोजल्या. संसर्ग ऐन भरात असताना खवळून उठलेल्या मारक टी पेशींपैकी निम्म्याहून अधिक, ५० ते ७० टक्के, नेमक्या त्या विषाणूवरच रोखलेल्या होत्या. जुन्या पद्धतींचा अंदाज दहापट आणि त्याहूनही कमी ठरला. बाकीची गर्दी बघ्यांची, ही समजूत मोडली.

त्याच वर्षी आणखी एक गोष्ट कळली आणि खरे म्हणजे तीच जास्त मोलाची. विषाणू शरीरात ठाण मांडून बसला, तर त्याला ओळखणाऱ्या टी पेशी हजर असतात, पण लढत नाहीत. नुसता हल्ला मोजणाऱ्या जुन्या चाचण्यांना त्या पेशी नाहीतच असे वाटे. टेट्रामरने दाखवले की सैनिक आहेत, थकलेले आहेत. २००६ मध्ये अहमद यांच्याच गटाने उंदरांत पीडी-१ नावाचा ब्रेक सैल केला, तेव्हा हे थकलेले सैनिक पुन्हा कामाला लागले. हाच ब्रेक सैल करणारी औषधे २०१४ पासून कर्करोगाच्या रुग्णांना दिली जात आहेत.