मूळ आणि शेरे

पोकर हा बोलूनचालून जुगार; त्याच्या संगणकीय दप्तरात वाङ्मयाच्या अभ्यासकाने डोकवावे असे काय आहे, असा प्रश्न कोणी करील. उत्तर इतकेच की, तेथेही लेखनच असते. ऑनलाइन मेजावरचा एक डाव संपला की त्याचा वृत्तांत खेळाडूच्या संगणकात साध्या मजकुराच्या रूपाने उतरतो : डावाचा क्रमांक, वेळ, कोण कोठे बसला, कोणी किती लावले, कोणी पाने टाकली. पोकरट्रॅकर, होल्डेम मॅनेजर यांसारख्या आज्ञावल्या हे वृत्तांत वाचतात, पोस्टग्रेस नावाच्या कोठारात रचतात, आणि अमका प्रतिस्पर्धी शंभरांपैकी किती डावांत आपण होऊन पैसे लावतो, असले आकडे खेळ चालू असतानाच मेजावर दाखवितात. ऋतुपर्णाने बिभीतक वृक्षाची पाने व फळे रथातून पाहता पाहता मोजली आणि मग नळाला अक्षहृदय दिले. द्यूताची जाण ही मोजणीची जाण आहे, हे त्या आख्यानकाराला केव्हाच उमगले होते.

या दप्तरांचा धनी म्हणून एखादा अमेरिकी खेळाडू कल्पनेने डोळ्यांपुढे आणावा. १५ एप्रिल २०११ रोजी तीन मोठ्या पोकर-कंपन्यांच्या संस्थापकांवरील आरोपपत्र अमेरिकी सरकारने उघड केले आणि त्याची मेजे एकाएकी बंद झाली. त्यांपैकी एका कंपनीकडे अडकलेले पैसे खेळाडूंना परत मिळू लागायला २०१४ साल उजाडले. दरम्यान हाती राहिली ती वर्षावर्षांच्या डावांची दप्तरे. एका रात्री ती उघडू जाता आज्ञावली कोसळते. पुन्हा उघडावी, तर पुन्हा कोसळते.

अशा वेळी हात प्रथम जातो तो सगळे पुसून नव्याने बसविण्याकडे. नेमके तेच टाळावयाचे असते. आज्ञावली म्हणजे कोठार नव्हे. पोस्टग्रेस ही पडद्याआड स्वतंत्रपणे चालणारी सेवा आहे. पुष्कळदा वाचणारा शाबूत असतो आणि ती सेवाच थांबलेली असते. कधी विषाणू-प्रतिबंधक आज्ञावलीने तिच्या फाइली अडवून धरलेल्या असतात, कधी संगणक मध्येच बंद पडलेला असतो. पोस्टग्रेसची एक शिस्त मात्र वाखाणण्याजोगी आहे. कोणताही बदल ती आधी रोजनाम्यात लिहिते, मग कोठारात करते. त्यामुळे मध्येच कोसळली तरी उठल्यावर रोजनामा वाचून राहिलेले काम पुरे करते. तेव्हा त्रुटींची नोंद वाचावी, सेवा चालू आहे का ते पाहावे, कोठाराची प्रत काढावी, दुरुस्ती त्यानंतर.

दोष वृत्तांतातच असेल तर शोधाची रीत निराळी. फाइलींचे दोन भाग करावेत. ज्या अर्ध्याशी आज्ञावली कोसळते त्याचे पुन्हा दोन. हजार फाइलींतली एक सदोष फाइल दहा फेऱ्यांत हाती लागते. तिच्यात निघतो एखादा अर्ध्यावर तुटलेला डाव, किंवा कोणा युरोपीय खेळाडूच्या नावातले एखादे स्वरचिन्हांकित अक्षर, एका लिपिसंकेतात लिहिलेले आणि दुसऱ्यात वाचले गेलेले. लेखकूंच्या हस्तदोषांत ज्यांची हयात गेली त्यांना हे परके वाटू नये. तुटलेला डाव अंदाजाने पुरा करण्याचा मोह होतो. पण पदरचा पाठ घालण्याचे भांडारकर संस्थेच्या महाभारत-संपादकांनी शक्यतो टाळले, तेच येथेही शहाणपणाचे. फाइल बाजूला ठेवावी.

आणि कोठार पुरतेच मोडले तर? मूळ वृत्तांत शाबूत असतील तर ते पुन्हा वाचवून नवे कोठार उभे करता येते. लाखो डाव असले तर वेळ लागतो, इतकेच. परत येत नाहीत ते शेरे. ‘हा हरू लागला की मोठ्या रकमा लावतो’, ‘रविवारी रात्री याचे चित्त ठिकाणावर नसते’ अशी टिपणे खेळाडूने प्रतिस्पर्ध्यांच्या नावांपुढे स्वतः केलेली असतात. डावाच्या वृत्तांतात ती नसतात. मूळ संहिता वाचते आणि टीका नाहीशी होते, हा प्रकार आपल्याकडील पोथ्यांनीही पाहिला आहे. मेजे बंद, ते प्रतिस्पर्धी पुन्हा भेटावयाचे नाहीत. व्यवहाराच्या हिशेबी त्या टिपणांची किंमत शून्य. तरीही तो मोडक्या कोठाराची प्रत पुसत नाही. नव्या कोठाराशेजारी ती तशीच ठेवतो, आणि दुसऱ्या सायंकाळी तिच्यातून शेऱ्यांचा तेवढा तक्ता वेगळा काढता येतो का, ते पाहावयास बसतो.