ओरोव्हिल : टाकलेल्यातून घडवणारे गाव

'ओरो' म्हणजे स्पॅनिश भाषेत सोने. गोव्यातील जुन्या पिढीला पोर्तुगीज 'ओरू' आठवेल, त्याचाच हा सख्खा भाऊ. त्याला गाव या अर्थाचे 'व्हिल' जोडले की झाले ओरोव्हिल. आपल्या भाषेत सोनगाव, कन्नडात चिन्नद ऊरु! उत्तर कॅलिफोर्नियात फेदर नदीच्या काठी वसलेले हे गाव पर्यटकांच्या यादीत सहसा नसते. 2024 च्या उन्हाळी सुट्टीत भाच्याकडे सॅक्रामेंटोला गेलो असताना तो म्हणाला, "मामा, सॅन फ्रान्सिस्को सगळेच बघतात. माझ्या ऑफिसातून निवृत्त झालेले एक गृहस्थ ओरोव्हिलला राहतात. तिकडे जाऊ."

सॅक्रामेंटोहून उत्तरेला साधारण 110 किलोमीटर. वाटेत युबा सिटी लागते. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी पंजाबी शेतकरी इथे आले आणि इथलेच झाले. रस्त्याच्या दुतर्फा बदाम, अक्रोड, पीच यांच्या बागा आणि मधेच पाण्याने भरलेली भाताची खाचरे. आपल्याकडे चिखलात वाकून रोप लावतात, इथे विमानातून बी फेकतात. बेळगावच्या बासमतीवर वाढलेल्या माणसाला हे पाहून गंमत वाटल्याशिवाय राहत नाही.

गाव मात्र सोन्यामुळे वसले. 1848 मध्ये जॉन बिडवेल याला जवळच नदीच्या वाळूत सोने सापडले आणि जगभरातून माणसे लोटली. चिनी मजूरही आले. त्यांनी 1863 मध्ये बांधलेले मंदिर आजही गावात उभे आहे. हाताने गाळण्यासारखे सोने संपल्यावर 1898 पासून ड्रेजर आले. बादल्यांच्या साखळीने नदीकाठची जमीन खोलवर उपसायची, सोने काढून घ्यायचे आणि गोटे मागे टाकायचे. चांगली जमीन गेली आणि मैलोन् मैल गोट्यांचे ढीग उरले.

पुढे साठ वर्षांनी हेच टाकाऊ ढीग कामी आले. नदीवर मातीचे धरण बांधायचे ठरले तेव्हा भरावासाठी ते रेल्वेने वाहून नेण्यात आले. 1968 मध्ये पुरे झालेले हे ओरोव्हिल धरण 770 फूट उंच आहे, अमेरिकेतील सर्वांत उंच. फेब्रुवारी 2017 मध्ये त्याचा सांडवा फुटला आणि खालच्या सुमारे 1 लाख 88 हजार लोकांना घरे सोडावी लागली. धरण टिकले, सांडवा नव्याने बांधला गेला. आम्ही गेलो तेव्हा जलाशय काठोकाठ भरला होता.

टाकलेल्याचा पुन्हा उपयोग करण्याची ही सवय गावाच्या आणखी एका उद्योगात दिसते. शिकार आणि नेमबाजी करणाऱ्या अमेरिकनांना ओरोव्हिल ठाऊक आहे ते त्यासाठीच. दुसऱ्या महायुद्धात सगळे शिसे-तांबे सैन्याकडे जाऊ लागले आणि बाजारात बंदुकीच्या गोळ्या मिळेनात. 1943 मध्ये फ्रेड हंटिंग्टन या तरुणाने वडिलांच्या लाँड्रीच्या मागच्या खोलीत गोळ्या घडवण्याचे साचे तयार करायला सुरुवात केली. डोंगराळ भागात 'रॉक चक' नावाचा घुशीसारखा, पण मांजराएवढा प्राणी असतो, त्याच्या शिकारीसाठी या गोळ्या. म्हणून कंपनीचे नाव 'रॉक चक बुलेट स्वेज', म्हणजेच आरसीबीएस. 1976 मध्ये कंपनी विकली गेली, पुढेही मालक बदलले. पण तिच्या 'रॉक चकर' नावाच्या हातयंत्राने गावाचे नाव घरोघरच्या गॅरेजमध्ये पोहोचवले.

असेच एक यंत्र आम्ही पाहिले ते त्या निवृत्त गृहस्थांच्या घरी. मोटारीची जागा सोडून उरलेल्या कोपऱ्यात एक जाड लाकडी बाक आणि त्याला बोल्टांनी घट्ट आवळलेली ओतीव लोखंडाची हिरवी चौकट. बाजूला हातभर लांब दांडा. पापड दाबायच्या यंत्राचा थोरला भाऊच म्हणा ना. याला 'सिंगल स्टेज प्रेस' म्हणतात. एका वेळी एकच साचा बसतो आणि दांडा एकदा ओढला की एकच काम होते.

बार उडाला की गोळी जाते, दारू जळते, पण पितळेची पुंगळी मागे राहते. काडतुसात सगळ्यात किमती भाग तोच. उष्णतेने आणि दाबाने ती थोडी फुगलेली असते. पहिल्या साच्यात दाबली की मूळ मापात येते आणि बुडाचे जळलेले प्रायमर बाहेर पडते. मग नवे प्रायमर, मोजलेली दारू आणि शेवटी दुसऱ्या साच्यात वर नवी गोळी. पन्नास पुंगळ्या आधी पहिल्या कामातून काढायच्या, मग साचा बदलून पुन्हा त्याच पन्नास. काडतुसे भराभर तयार करणारी यंत्रेही मिळतात. ती का घेतली नाहीत, असे विचारल्यावर गृहस्थ म्हणाले, "मला घाई नाही. यात प्रत्येक पुंगळी माझ्या हातातून चारदा जाते. चीर गेलेली असेल तर बोटाला कळते."

त्यांच्या बाकावर रेडिओ नव्हता. काम चालू असताना ते फोन घेत नाहीत, कोणाशी बोलत नाहीत. एका वेळी दारूचा एकच डबा बाकावर ठेवतात. दारू भरून झाली की पन्नासही पुंगळ्या फळीवर उभ्या करून विजेरीच्या उजेडात एकेकीत डोकावतात. एकीत जरी दारू दुप्पट पडली तरी बंदूक हातात फुटू शकते. आमच्यासमोर त्यांनी दारूचा डबा उघडलाच नाही. "पाहुणे असताना नाही," एवढेच म्हणाले. मला ते आवडले.

त्यांचा तराजू पाहून मात्र मला शहापूरच्या सराफी दुकानाची आठवण झाली. दारू आणि गोळी यांचे वजन 'ग्रेन'मध्ये करतात. ग्रेन म्हणजे मूळचा धान्याचा दाणा. 7000 ग्रेनचा एक पौंड. हे माप आपल्यालाही परके नाही. इंग्रजांनी तोळ्याचे वजन ठरवले तेच मुळी 180 ग्रेन. तोळ्याच्या गुंजा 96, म्हणजे एक गुंज दोन ग्रेनहून जराशी कमी. आपली गुंज, कन्नडातली गुलगंजी! सराफाच्या काट्यावर त्या लाल-काळ्या बीने सोने तोलले, इथे सोन्याच्या गावात तेवढ्याच बारकाईने दारू तोलतात. शब्दांचेही तसेच. मराठी 'काडतूस' आणि कन्नड 'काडतूसु', दोन्ही युरोपातून आलेल्या एकाच शब्दाची लेकरे.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. स्वतःच्या वापरासाठी घरी काडतुसे भरायला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार परवाना लागत नाही, विकायची असतील तर लागतो. आपल्याकडे 1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय काडतूस बनवणे हा गुन्हा आहे. माझ्या मते ते योग्यच आहे. तिथे हा हरणाच्या शिकारीला जाणाऱ्यांचा, काटकसरीचा आणि अचूकतेचा छंद आहे. त्याच देशात बंदुकीने किती घरे उजाड होतात तेही आपण वाचतो.

निघताना त्या गृहस्थांनी आणखी एक ठिकाण सांगितले. "तिथे गेल्याशिवाय ओरोव्हिल पाहिले असे होत नाही," ते म्हणाले. गावाबाहेर रस्त्याकडेला एक स्मृतिफलक आहे. तिथल्या कत्तलखान्याच्या आवारात ऑगस्ट 1911 च्या अखेरीस एक भुकेला, थकलेला माणूस सापडला. त्याची भाषा कोणालाच कळेना. शेरीफने त्याला संरक्षण म्हणून तुरुंगात ठेवले. 'याही' नावाच्या आदिवासी जमातीतला तो शेवटचा माणूस होता. 1860 च्या दशकात वसाहतवाल्यांच्या बंदूकधारी टोळ्यांनी ती जमात जवळपास संपवली. उरलेले मूठभर लोक चाळीसेक वर्षे दऱ्यांत लपून राहिले. 1908 मध्ये पाहणीसाठी आलेल्या लोकांना त्यांची वस्ती सापडली आणि त्यांनी तिथली हत्यारे-पांघरुणेसुद्धा उचलून नेली.

मानववंशशास्त्रज्ञ आल्फ्रेड क्रोबर यांच्या पुढाकाराने त्याला सॅन फ्रान्सिस्कोच्या संग्रहालयात नेण्यात आले. स्वतःचे नाव स्वतः सांगायचे नाही, आपल्या माणसाने ते सांगायचे, अशी त्याची रीत होती. आपल्याकडे बायका नवऱ्याचे नाव उखाण्याशिवाय घेत नसत, पण घ्यायला सांगणारे भोवती असत. त्याचे नाव सांगणारे कोणी उरलेच नव्हते. क्रोबर यांनी त्याला 'इशी' म्हटले. त्याच्या भाषेत त्याचा अर्थ फक्त 'माणूस'. 1916 मध्ये तो क्षयाने गेला. क्रोबर यांच्या पत्नी थिओडोरा यांनी 1961 मध्ये त्याचे चरित्र लिहिले.

संग्रहालयात इशी लोकांसमोर बसून बाणांची टोके घडवी. त्यासाठी गोऱ्यांनी फेकलेल्या बाटल्यांची काचही तो वापरी. शिंगाच्या टोकाने दाब देत एकेक कपची उडवायची. एका दाबाला एक कपची, घाई नाही. त्याच्याकडून धनुर्विद्या शिकलेल्या डॉ. सॅक्स्टन पोप यांच्यामुळे ती अमेरिकन शिकाऱ्यांत पुन्हा रुजली.

त्या फलकापाशी उभे असताना मला ती गॅरेजमधली हिरवी चौकट दिसत होती. काचेच्या तुकड्याला टोक देणारा हात आणि पुंगळीची चीर चाचपणारा हात, दोन्हींचे कसब एकाच जातीचे. पण पहिल्या हाताच्या माणसांना संपवले ते बंदुकीनेच. ओरोव्हिलने गोट्यांच्या ढिगांचे धरण केले, रिकामी पुंगळी पुन्हा भरायला जगाला साधन दिले. रिकाम्या झालेल्या त्या दऱ्यांत माणसे पुन्हा भरण्याचे साधन मात्र कोणाकडे नाही. गावाने निदान ते लपवलेले नाही. बंदूक बाळगणारा म्हाताराच पाहुण्यांना त्या फलकाची वाट दाखवतो.

सॅक्रामेंटोकडून जाणाऱ्यांनी ओरोव्हिलसाठी एक पूर्ण दिवस ठेवावा. धरण, चिनी मंदिर आणि इशीचा फलक तेवढ्यात आरामात होतात. फलकापाशी फार कोणी थांबत नाही. आपण थांबावे.